गाडी लागणारी माणसे

मराठीत 'लागणे' या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नाद लागतो, सुतक लागते. मुलीला बारावे वर्ष लागते आणि तिच्या आईला घोर लागतो. वर्गात हे क्रियापद निघाले की तास कधी संपला ते मला कळत नाही. मुलांना बहुधा कळत असावे. पण या मोठ्या कुटुंबात एक प्रयोग असा आहे, की तो परप्रांतीयाला समजावून देताना माझी नेहमी तारांबळ उडते. आमच्या महाविद्यालयात नव्याने आलेल्या एका बंगाली प्राध्यापकांना मी सहज म्हणालो, "आमच्या धाकटीला गाडी लागते." ते दचकून उभेच राहिले. म्हणाले, "केव्हा? हाड वगैरे मोडले नाही ना?"

हाड मोडले असते तर पुष्कळ बरे होते, असे आमच्या धाकटीला कैक वेळा वाटले असेल. मोडलेल्या हाडाला लोक सहानुभूती दाखवतात, प्लास्टरवर मैत्रिणी सह्या करतात. गाडी लागणाऱ्या माणसाकडे मात्र सारी बस नाकाला रुमाल लावून पाहते. कोकणातली जुनी माणसे याच चालीवर 'बोट लागली' म्हणत, आणि बोटीत निदान समुद्र तरी मोठा असे. आमच्याकडे चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारी गाडी. बंगाली कॅम्प मागे पडून लोहाऱ्याचे जंगल सुरू झाले, की धाकटीचे बोलणे थांबते. चिचपल्ली येईपर्यंत ओठ पांढरे होतात. मूलला पोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

उपाय म्हणून जे जे कोणी सांगितले ते ते आम्ही केले. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, लिंबू हुंगून झाले. वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसले म्हणजे गाडी लागत नाही, असे आमच्या भागात पुष्कळांचे ठाम मत आहे. ते कसे काय, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. तरी आम्ही तेही केले. वर्तमानपत्र हाताशी नव्हते तेव्हा साप्ताहिकांचे जुने अंक अंथरले. त्यांतले साहित्य कितीही सकस असले तरी या कामी त्याचा काही उपयोग झाला नाही, हे संपादकांची क्षमा मागून सांगतो.

हे सगळे असेच चालले असते. पण गेल्या फाल्गुनात पुण्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. मे महिन्यात सगळी भावंडे जमवायची आणि एक दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे, असा तिच्या मुलांनी बेत ठरवला होता. २०१३ साली निघालेली ती करमणुकीची नगरी. तिथे नायट्रो नावाची एक गाडी आहे. चाळीस मीटरांच्या उंचीवरून ती खाली झेपावते, वाटेत पाच वेळा माणसाला उलटे करते, आणि बसणाऱ्याचे पाय अधांतरी लोंबकळत असतात. आमच्या वेळी मुंबईला जाऊन आलेली मुले १९८९ साली निघालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डच्या गोष्टी सांगत आणि आम्ही चंद्रपूरकर आ वासून ऐकत असू. आता आ वासण्याची पाळी आमच्या मुलीची होती. आतेभावाने तिला फोनवरच विचारले, "तू बसशील ना ग? की तुला गाडी लागेल?"

फोन खाली ठेवला आणि घरात दोन पक्ष पडले. बहिणीचे म्हणणे, "एकदा बसव तिला. भीती मोडते." सौभाग्यवतींचे म्हणणे, "जिला मूल गाठेस्तोवर दम निघत नाही, तिला त्या यंत्रात घालून हाल कशाला करायचे?" मी मास्तर. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आणि संदर्भग्रंथ पाहायचे, ही माझी जुनी सवय.

संदर्भ पाहता पाहता मी त्यातच रमलो. आपल्या कानाच्या आत खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोके वळले की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते, 'आपण वळतो आहोत.' डोळे मात्र समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळलेले असतात. ते सांगतात, 'छे! सगळे जागच्या जागी आहे.' दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि त्याची शिक्षा बिचाऱ्या पोटाला होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. सहा-सात ते बारा या वयात तो जोरात असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. बहुतेकांचा म्हणतो, सगळ्यांचा नव्हे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे 'बीगल' जहाजावर हिंडला आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत होती. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन, त्याचीही तीच कथा.

सर्वांत मौजेची हकीकत अमेरिकेतली. अंतराळात माणूस पाठवण्याआधी हा त्रास समजून घ्यावा म्हणून १९५८ सालापासून तिथल्या आरमाराने गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातले अकरा जण निवडले. एक सोडून सगळ्यांचे कान लहानपणीच्या मेंदूच्या आवरणाच्या तापाने गेलेले होते. ऐकण्याबरोबर तोल सांगणारा कानही गेला होता. त्यांना वादळी समुद्रात बोटीवर नेले. संशोधकांची ओकून ओकून दैना झाली आणि ही मंडळी खुशाल पत्ते खेळत बसली! म्हणजे गाडी लागणे हा कमजोरपणा नसून कान तीक्ष्ण असल्याचा पुरावा आहे, असे मी धाकटीला सांगितले. तिला ते फारसे पटले नाही, पण आतेभावाला ऐकवण्यासाठी तिने ते वहीत लिहून घेतले.

त्या वाचनात आणखी एक गोष्ट होती आणि तीच माझ्या मनात घोळत राहिली. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. कारण पुढचे वळण त्याला आधी ठाऊक असते, ते तोच घेत असतो. मागे बसलेल्याला ते अचानक येऊन भिडते.

इथवर सगळी गंमत होती. पण हा प्रश्न मी इतका मनावर का घेतला, हे सांगायचे तर आईबद्दल बोलावे लागेल.

माझ्या आईचे माहेर सिरोंच्याचे. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथले, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचे गाव. आज तो गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. माझ्या लहानपणी चंद्रपूरहून निघायचे, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करीत अख्खा दिवस बसमध्ये काढायचा, तेव्हा कुठे सिरोंचा येई. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तेवढेही नाही. आईला गाडी लागे. पहिल्यांदा ती दर उन्हाळ्यात जाई, मग वर्षाआड, मग लग्नकार्यापुरती. पुढे लग्नांनाही 'प्रकृती बरी नाही' असा निरोप जाऊ लागला. प्रकृती चांगली ठणठणीत होती. माझे आजोबा गेले तेव्हा ती निघाली. आलापल्लीला तिला बसमधून उतरवून एका ओळखीच्या घरी निजवावे लागले. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. त्यानंतर आई सिरोंच्याला गेलेली नाही. ती याविषयी कधी बोलत नाही. तिकडच्या कोणाचा फोन आला की बराच वेळ बोलत बसते, एवढेच.

आणि आमची धाकटीही अलीकडे 'मी नाही येत' असे म्हणू लागली होती. शाळेच्या सहलीला नाही, मामाकडे नाही, विद्यापीठाच्या कामासाठी मी गडचिरोलीला निघालो तर आधी हौसेने येणारी, तीही नाही. आमच्या या जंगलाच्या मुलखात कुठेही जायचे तर दोन-चार तासांचा रस्ता आहे. शिकायला, दवाखान्यात, नातलगांकडे. इथे ज्याने गाडीत बसायचे सोडले त्याचे जग गावाच्या वेशीपाशी संपते. त्या यंत्राची दोन मिनिटे मला भेडसावत नव्हती. त्या दोन मिनिटांविषयी आम्ही जे ठरवू ते ती पुढे कुठल्या कुठल्या रस्त्यांना लावील, याची मला धास्ती होती.

डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "ओकारी ही काही आपत्ती नव्हे. हृदयाचे, मानेचे काही दुखणे नाही ना? मग झाले. पोट रिकामेही नको आणि तुडुंब भरलेलेही नको. चक्कर येत असेल, पाणीसुद्धा टिकत नसेल, तर त्या दिवशी बसवू नका. आणि रडत असेल तर मुळीच नको." घाटासाठी त्यांनी गोळी लिहून दिली, ती किती आणि केव्हा घ्यायची तेही सांगितले, आणि तिने झोप येईल अशी ताकीद दिली.

आईचे मत कोणी विचारले नव्हते. तिने ते आपण होऊन दिले. देवापुढच्या वाती वळता वळता नातीला म्हणाली, "बसायचं असेल तर बस. ओकलीस तर ओकलीस. तिथं कोण ओळखीचं असतं?" इतका खोल विचार माझ्या संदर्भग्रंथांत कुठेही नव्हता. गाडी लागण्यातले निम्मे दुखणे पोटाचे नसतेच; मूलच्या स्टँडवर कोणीतरी 'ही सरांची मुलगी ना?' असे म्हणते, ते खरे दुखणे.

चैत्रात महाकालीची यात्रा भरली. नांदेड-परभणीकडून माणसांचा लोंढा आला, झरपटेच्या काठी राहुट्या पडल्या आणि रहाटपाळणा उभा राहिला. हा मराठी शब्द मला फार आवडतो. फेरिससाहेबांनी १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फूट उंचीचे चक्र उभारले आणि जगभर त्यांचे नाव झाले. आमचा रहाट मात्र विहिरीवरून जत्रेत आला आणि त्याने कोणाचे नाव लावले नाही.

धाकटी म्हणाली, "बाबा, बसून पाहू." शेजारच्या पाळण्यात एका गृहस्थाने रडणाऱ्या मुलाला 'मर्द बन' म्हणत कोंबले होते. पाळणा वर जाऊन थांबला आणि त्या पोराने जो टाहो फोडला तो मंदिरापर्यंत गेला असेल. भीती मोडणे म्हणतात ते हेच असेल, तर त्यात भीतीशिवाय दुसरेच काहीतरी मोडते असे मला वाटले. आमची धाकटी घट्ट दांडी धरून समोर पाहत होती. "तो परकोट. ते देऊळ. त्या पॉवर हाऊसच्या चिमण्या," अशी ती मला एकेक दाखवीत होती. मी काही पाहिले नाही. माझे डोळे मिटलेले होते. खाली उतरल्यावर तिने उसाचा रस मागितला आणि तो तिच्या पोटात राहिला.

मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो. आगगाडी तिला लागत नाही, ती निजून गेली. पुण्याहून निघालो तेव्हा तिला पुढे बसवले, गोळी दिली, लांब पाहायला सांगितले; तरी बोरघाटात जुन्या रस्त्यावर एकदा गाडी थांबवावी लागली. म्हणजे करमणुकीला जाण्याआधी घाट लागतोच. आतेभाऊ हसला. धाकटीने त्याला ते अकरा बहिरे ऐकवले.

तिथे गेल्यावर मी एकच केले. तिला सांगितले, "फाटकाच्या शेवटच्या पायरीवरून परत आलीस तरी चालेल. कोणी काही बोलणार नाही." आतेभावाकडूनही तसे कबूल करून घेतले. पडद्यावर चित्र हलते आणि खुर्च्या हिंदकळतात तसल्या अंधाऱ्या खोलीला तिने बाहेरूनच नमस्कार केला. गरगर फिरणाऱ्या कपबशांनाही नाही म्हणाली. नायट्रोच्या खाली मात्र ती दुपारभर घुटमळत होती. बोटाने हवेत रेघा काढी आणि काही पुटपुटे. सौभाग्यवती म्हणाल्या, "उन्हानं डोकं फिरलं की काय हिचं?" संध्याकाळी, रांग ओसरल्यावर, ती उंचीच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी बसते. सगळी वळणं पाठ झालीत."

आम्ही दोघे खाली उभे राहिलो. वर काय झाले ते आम्हाला दिसले नाही. फक्त पायांच्या रांगा दिसल्या, आणि त्यांत तिचे कोणते ते ओळखू येईना. उतरली तेव्हा तिचे गुडघे थरथरत होते. पाव तास ती बाकावर गप्प बसून राहिली. लिंबूसरबत प्याली. "पुन्हा बसायचे का?" असे आतेभावाने विचारले तेव्हा "नको," असे इतक्या सहज म्हणाली, की त्यालाही पुढे काही बोलता आले नाही.

परतताना घाट चढताना ती पुन्हा ओकली. गाडी लागायची ती लागतेच. कसली भीती मोडली नाही, काही बरे झाले नाही. बहिणीला ते जरा खटकले, कारण तिचा सिद्धांत तेवढ्यापुरता लंगडा पडला.

येत्या मार्गशीर्षात सिरोंच्याला आईच्या भाच्याच्या मुलीचे लग्न आहे. पत्रिका आली तेव्हा ती मी नेहमीप्रमाणे कपाटात ठेवणार होतो. धाकटी नकाशा घेऊन बसली होती; आलापल्लीच्या पुढे वळणे कुठे कुठे आहेत ते तिला हवे होते. ते मला काय ठाऊक? आईला विचारले, तर तिने एकामागून एक नाले, पूल, चढ सांगायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी. धाकटी लिहून घेत होती.

मग थोडा वेळ थांबून आई मला म्हणाली, "पुढच्या बाकावर दोघी मावतात का रे?"