पाच-पाच दिवसांचे आदेश

इंटरनेट बंद करण्याचा सरकारी आदेश दिसायला साधा असतो. वर खात्याचं नाव, मध्ये कायद्याची कलमं, ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द, जिल्ह्यांची यादी, मुदत आणि खाली सही. 2023 च्या उन्हाळ्यात मी दिल्लीत, डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्न होते. असे आदेश गोळा करायचे आणि त्यांचा तक्ता करायचा, हे माझं पहिलं काम.

पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला असताना इंटर्नशिप म्हणजे मोठ्या वकिलांमागे फाइली घेऊन कोर्टात जाणं, असंच आम्ही धरून चाललो होतो. इथे काळा कोट कुणीच घालत नव्हतं. लांब टेबलाभोवती कायद्याची मुलं, एक-दोन इंजिनिअर, आणि दिवसभर वाचन. मसुदे, अधिसूचना, संसदेतली प्रश्नोत्तरं.

मणिपूरमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झालं. ते एका आदेशाने बंद राहिलं नाही. आदेश बहुतेक पाच-पाच दिवसांचे निघत. एकाची मुदत संपत आली की दुसरा. सुटा वाचला तर प्रत्येक आदेश तात्पुरताच होता. तक्त्यात एकाखाली एक मांडल्यावर मात्र एक अख्खं राज्य महिनोन् महिने अंधारात दिसत होतं. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी सांगितलं होतं की इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येत नाही, आणि आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध दाद मागता येईल. निकाल मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या तक्त्यापुढे बसल्यावर कळला. मी परतले तेव्हाही तिथलं इंटरनेट सुरळीत झालं नव्हतं. जुलैच्या अखेरीस ब्रॉडबँड सुरू झालं, तेही अटी घालून.

त्यातच 7 जूनला कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं. माझं घर कोल्हापूरचं. आईचा साधा फोन आला, “आम्ही बरे आहोत, व्हॉट्सॲपवर शोधू नकोस.” मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात क्यूआर कोड नुसता चिकटवलेला राहिला. शाळा उघडायच्या तोंडावर वह्या न्यायला आलेली माणसं सुटे पैसे नाहीत म्हणून परत गेली. शहरात त्या दिवशी तणाव होता, समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून भडका उडाला होता, आणि प्रशासनापुढे खरोखर अवघड प्रश्न होता, हे मला मान्य आहे. म्हणूनच कारण लिहून ठेवणं महत्त्वाचं. तेव्हाच्या 2017 च्या नियमांनुसार राज्यात असा आदेश द्यायचा तो गृह सचिवांनी, कारणासह. आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा. ही तपासणी झाली की नाही, हे कुणी विचारलंच नाही तर समिती कागदावरच राहते.

विचारायचं कसं, हे तिथल्या वकील मॅडमनी मला शिकवलं. माहिती अधिकारात “इंटरनेट का बंद केलं?” असं विचारायचं नाही. माहिती अधिकाऱ्याने कारणं शोधून द्यावीत असं कायदा सांगत नाही. हाताशी असलेली नोंद द्यावी, एवढंच सांगतो. म्हणून लिहायचं, “ज्या आदेशात कारण नमूद आहे त्याची प्रत द्यावी. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त द्यावं.” महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मॅडम एकेक शब्द काढायला लावत. “विशेषण काढ. तारीख घाल.” आमच्या एका अर्जाला एका राज्याच्या खात्याने सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला. मग पहिलं अपील, तीस दिवसांच्या आत. निबंध लिहिण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे, आणि माझ्या मते कितीतरी मोलाचं. आपल्याकडे तर माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, 2002 मध्येच आला. तो वापरणारे हात कमी पडू नयेत.

टेबलाभोवतीची बहुतेक मुलं मोठ्या शहरांतली होती, ही गोष्ट मला सतत टोचत राहिली. आमच्या संस्थेने मानधन दिलं, म्हणून मला खोलीचं भाडं देता आलं. अनेक ठिकाणी ते मिळत नाही. मग ज्याच्या घरून दिल्लीचा खर्च निघतो, तोच शिकायला जातो. आणि इंटरनेट बंद पडतं ते बऱ्याचदा लहान गावांत, जिल्ह्यांत. 2012 मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन मुलींना अटक झाली, तीही पालघरमध्ये. त्यानंतर त्या अटकेमागच्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 66अ ला आव्हान देणारी श्रेया सिंघल 2015 मध्ये निकाल लागला तेव्हा दिल्ली विद्यापीठात कायदा शिकत होती. ते कलम रद्द झालं. तरी पुढची कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. निकाल दिल्लीत लागला, पण तो ठाण्यापर्यंत पोहोचवायला त्या त्या तालुक्यात कायदा जाणणारं कुणीतरी हवं.

म्हणून माझी संस्थांना विनंती आहे, इंटर्नना मानधन द्या, आणि लातूर, जळगाव, गडचिरोलीच्या महाविद्यालयांपर्यंत जाहिरात पोहोचवा. प्राध्यापकांनी माहिती अधिकाराचा एक तरी अर्ज प्रत्येक विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावा. आणि कायदा शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, इंटर्नशिप मिळेपर्यंत थांबू नका. तुमच्या जिल्ह्यात मागे कधी इंटरनेट बंद झालं असेल, तर त्या आदेशाची प्रत आजच मागा.