सर्वांची वाट

सहलीचा आनंद प्रवासाच्या दिवशी मिळतो, हे खरे. परंतु त्याची पेरणी वाट ठरविताना आधीच झालेली असते. एकट्याची वाट निवडणे सोपे असते. दहा जणांची वाट निवडताना मात्र मनाचीही कसोटी लागते.

वाई येथील एका शाळेतील दहा मुलांनी सायकलींवरून सहलीस जाण्याचे ठरविले. थोरल्या मुलांनी नकाशात पाचगणीवर बोट ठेवले. पसरणीचा घाट चढून जाण्यातच खरा पराक्रम, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांनी माना डोलावल्या.

गुरुजी म्हणाले, "वाट सुमारे १२ किलोमीटरांची आहे आणि तेवढ्यात ५५० मीटरांहून अधिक चढायचे आहे. आपल्यापैकी सर्वांत मागे कोण राहील?"

कोणी बोलेना. सर्वांची दृष्टी मात्र धाकट्या मुलाकडे वळली. वडिलांची उंच सायकल चालविताना त्याचे पाय पायडलांना जेमतेम टेकत. "मला जमेल," तो हळूच म्हणाला. पण त्याची मान खाली गेली होती.

पाचगणीचा आग्रह धरणाऱ्या मुलानेच नकाशा पुन्हा जवळ ओढला. "आपण धोमला जाऊ," तो म्हणाला.

ही वाट सुमारे ८ किलोमीटरांची. ती कृष्णेच्या खोऱ्यातून जाते, म्हणून चढ थोडा. वाटेत मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा व नदीचा सुंदर घाट आहे. तेथील मोठी घंटा १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली, असे सांगतात. धोमच्या मंदिरापुढे तर कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे!

आधीच्या रविवारी दोघे जण गुरुजींबरोबर वाट पाहून आले. खडी कोठे सुटली आहे, वळणापलीकडचे कोठे दिसत नाही, पाणी व सावली कोठे मिळेल, हे सारे त्यांनी वहीत टिपले. समोरचा वारा जातानाच सोसावा, म्हणजे थकलेल्या पायांना परतताना त्याचे साहाय्य होते, हेही ते शिकले.

सहलीच्या दिवशी धाकट्याला सर्वांत पुढे ठेवले; त्याची गती तीच सर्वांची गती. पंप व पंक्चरचे साहित्य घेऊन सर्वांत बळकट मुलगा शेवटी राहिला. धोमच्या मंदिराशी दहाही सायकली एकदमच उभ्या राहिल्या.

घाम पुशीत धाकटा म्हणाला, "पुढच्या वर्षी पाचगणी!"

या वेळी त्याची मान ताठ होती.