त्रिरश्मी डोंगरावरील जमाखर्च

सातपूरला आमचे नट-बोल्टचे दुकान आहे. दोन पिढ्या येथे गेल्या; तरीही पांडवलेण्यांचा डोंगर आम्ही मुंबईला जाता-येता गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. म्हसरूळच्या गजपंथाला वर्षातून एकदा तरी जाणे होते. इकडे मात्र, 'ती बौद्ध लेणी, आपले तिथे काय?' असे म्हणून पाऊल वळले नाही. यंदा पौषातील एका रविवारी धाकटा भाऊ, पुतण्या आणि मी असे तिघे तेथे गेलो. निमित्त घरातल्या एका तिढ्याचे होते.

आमच्या वडिलांनी एका तीर्थक्षेत्री भोजनशाळेत कायमी तिथी लिहिली होती. मूळ रक्कम ठेवीत राहावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एका दिवसाचे भोजन व्हावे, अशी ती योजना. अलीकडे तेथून पत्र आले : व्याजाचे दर उतरले, धान्य महागले, दिवसाचा खर्च आता निघत नाही, जमल्यास रकमेत भर घालावी. भाऊ म्हणाला, "दादा, बाबांनी कायमची दिली होती ना? मग पुन्हा कशाची?" मला उत्तर सुचले नाही. काही दिवस गल्ल्यावर आमचे कामापुरतेच बोलणे होत होते. इतिहास शिकणारा पुतण्या एका रात्री म्हणाला, "काका, असाच एक जमाखर्च पांडवलेण्यांत कोरलेला आहे. चला, दाखवतो."

दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलो की डोंगराच्या कुशीत ओळीने कोरलेली चोवीस लेणी दिसतात. पुतण्याने प्रथम दहाव्या लेण्यात नेले. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरे आहेत. हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी भिक्षुसंघाला दिले. लेण्याबरोबर त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेवही दिली. ती ठेवली कोठे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. हे गोवर्धन म्हणजे आपल्या सातपूरजवळचे, गोदाकाठचे गाव! २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे.

भावाने तेथेच तोंडी हिशोब केला. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे २४०. "पैचा फरक नाही!" तो उद्गारला. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवला, हेही शिलालेखात आहे. आपल्याकडील ठराव आणि नोंदवहीचेच हे पूर्वरूप.

तेथून तिसऱ्या लेण्यात आलो. ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे सहा गण पाहून पुतण्या आम्हाला भिंतीवरील लेखांकडे घेऊन गेला. नहपानाच्या घराण्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने येथील भिक्षूंना एका गावातील शेत दिले होते. सहा वर्षांनंतरचा लेख सांगतो की ते गाव ओस पडले, शेत कोणी कसत नाही. म्हणून राजा आणि राजमाता नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीतून १०० निवर्तने दान देत आहेत.

भाऊ बराच वेळ त्या भिंतीपुढे उभा होता. राजाने दिलेले दानही सहा वर्षांत निष्फळ झाले होते. 'आम्ही एकदा दिले आहे' असे म्हणून त्याला थांबता आले असते. तो थांबला नाही. दानाचा हेतू पुरा होत नाही हे दिसताच त्याने दुसरी सोय केली. कायम राहतो तो देणाऱ्याचा भाव. रकमेकडे मात्र कोणीतरी लक्ष ठेवावे लागते.

परतताना अकराव्या लेण्यात डोकावलो आणि थबकलो. आत पद्मासनस्थ भगवान ऋषभदेव! जवळच अंबिकादेवी. बौद्ध लेण्यांच्या या रांगेत नंतरच्या काळात आपल्या पूर्वजांनीही आराधना केली होती. चीनमधील दाझू येथील प्रख्यात शैलशिल्पांतही बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस या तिन्ही परंपरांच्या मूर्ती आहेत. १९९९ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तशीच एकत्र नांदण्याची खूण घरापासून काही मैलांवर असताना आम्ही ती आजवर पाहिली नव्हती. तिघांनी हात जोडले.

पायऱ्या उतरताना भाऊ म्हणाला, "दादा, निम्मी भर माझी." बाकीची अर्थातच माझी. पावती पूर्वीप्रमाणेच बाबांच्या नावाने करायची, एवढेच ठरले.

वाचकहो, आपणही मुलाबाळांसह एकदा अवश्य जावे. सकाळी उन्हाआधी चढावे, उकळलेले पाणी बरोबर ठेवावे आणि लेखांचा अर्थ आधी वाचून जावे. म्हणजे दगड बोलू लागतात. आणि घरी परतल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी कोठे कोठे तिथी लिहिल्या आहेत, त्या आज चालतात का, एवढे एकदा विचारून घ्यावे. जय जिनेंद्र.