कार्डाची पुढची बाजू

टपाल खात्यात नोकरी झाल्यामुळे जुनं कार्ड हाती आलं की मी ते आधी पालथं करतो. तिकीट, शिक्का, पत्ता पाहिला की साल बहुतेक वेळा तिथेच सापडतं. खानदेशातल्या कार्डांचा तर पत्ताच बोलका असतो. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, आणि १९६० च्या आसपास पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ दिसलं की दोन्हीकडच्या मेढी ठोकल्या गेल्या. मग तिकिटावर सातवा एडवर्ड आहे, पाचवा जॉर्ज आहे की सहावा, एवढं पाहिलं की पल्ला आणखी आखडतो.

शिपायांच्या कार्डांनी मात्र मला पुढची बाजू वाचायला लावली. ही कार्डं बहुतेक वेळा टपालपेटीत पडलेलीच नसतात. त्या काळी फोटोवाले जाड कागदावर फोटो छापून द्यायचे, त्या कागदाच्या पाठीवर ‘पोस्ट कार्ड’ असं छापलेलं असायचं. शिपाई ते कार्ड गावाकडे निघालेल्या सोबत्याच्या हाती द्यायचा, नाहीतर रजेवर आला की स्वतःच आणायचा. त्यामुळे पाठ कोरी. ना तिकीट, ना शिक्का. समोर एक तरुण, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला पडदा. नाव, गाव, साल काहीच नाही. साल काढायचं तर ते त्याच्या अंगावरच्या कापडातून आणि कातड्यातून.

जळगावात मला ही कार्डं रद्दीच्या दुकानांत मिळाली, धुळ्यात जुन्या गल्ल्यांतली घरं पाडायला निघाली तेव्हा मिळाली. सर्वांत जास्त मिळाली ती भुसावळला. मुंबईहून येणारी गाडी तिथे नागपूरकडे आणि इटारसीकडे फुटते. स्टेशनाजवळच्या फोटोवाल्यांकडे रजेवरच्या शिपायांचा राबता असणारच. रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं गाव सोडून गेली तेव्हा त्यांच्या सामानातून गोऱ्या शिपायांची देवळालीच्या छावणीतली कार्डंही बाजारात आली. डोक्यावर सोला टोप, अर्ध्या चड्ड्या, हातात चहाचे मग. त्यांना परदेशी शौकिनांकडून चांगली किंमत येते. मी ती ठेवत नाही. मला आमचे शिपाई हवे असतात.

याला कारण आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. या माणसाने गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ बावीस खंडांत छापली, आणि बिनतारखेच्या कागदाला तारीख मिळवून देण्यासाठी जिवाचं रान केलं. तिथल्या दप्तरांसमोर उभं राहिलो की मला वाटतं, पानिपतावर गेलेल्या शिपायाचा कागद आपण इतक्या निगुतीने जपला, मग बसऱ्याला आणि इटलीला गेलेल्या शिपायाच्या फोटोचं काय? त्याचा नातू अजून हयात आहे. नातवाच्या घरात तो फोटो आहे. आणि नातवाला आजोबा कोणत्या लढाईत गेले तेही सांगता येत नाही.

धुळ्याच्या एका पडक्या घरातून आलेलं कार्ड माझ्याकडे आहे, त्याचंच सांगतो. शिपाई उभा. गुडघ्यापर्यंत येणारा खाकी अंगरखा, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, डोक्याला पागोटं. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरका उतरलेला कातडी पट्टा, त्यावर काडतुसांचे छोटे छोटे कप्पे. हा १९०३ च्या नमुन्याचा पट्टा. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गोऱ्या पायदळाकडे जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा नवा साज होता, आपल्या पलटणींकडे अजून हे कातडंच होतं. हातातल्या बंदुकीचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं, म्हणजे आखूड ली-एनफिल्ड. बंदुकीला संगीन लावलेली, आणि तिच्या मुठीपाशी खाली वळलेला एक आकडा. हा आकडा १९०७ च्या संगिनीला होता, १९१३ पासून तो काढून टाकला. पण यावरून फोटो १९१३ पूर्वीचा असं कुणी म्हणू लागलं तर मी हात धरीन. सरकारी हुकूम निघाला त्या दिवशी सगळ्या पलटणींच्या संगिनी बदलल्या जात नाहीत. जुनी वस्तू झिजेपर्यंत वापरतात, आणि आपल्या पलटणींना नवं सामान नेहमी उशिराच मिळालं. म्हणून साज, हत्यार, बिल्ला यांवरून ‘याच्या आधीचं नाही’ हे ठामपणे सांगता येतं. ‘याच्या नंतरचं नाही’ असं म्हणायला दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार शिपायाच्या खांद्यावर होता. पितळी अक्षरं. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात आकडा वाचता आला: ११७. सरसेनापती लॉर्ड किचनेरच्या १९०३ च्या फेररचनेत मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे क्रमांक मिळाले. १९२२ मध्ये त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गोवल्या गेल्या आणि तीन आकड्यांचे क्रमांक गेले. तीन आकडे दिसले की फोटो १९०३ नंतरचा, आणि बहुधा १९२२ च्या आधीचा. शिवाय हे कार्ड माझ्या इतर कार्डांसारखं मुकं नव्हतं. पाठीवर मोडीत चार ओळी होत्या. शिपाई स्वतः लिहिणारा नसावा, अक्षर पलटणीतल्या कुणा लेखकाचं, सराईत. मुक्काम बसरा. प्रकृती ठीक. पाऊस कसा आहे, कपाशी लावली का, ही विचारणा. शेवटी श्रावणातली तिथी आणि वार. साल नाही.

तिथी आणि वार एकत्र मिळाले की मोडी जाणणाऱ्यांचे डोळे चमकतात. जुन्या पंचांगांत ती तिथी त्याच वारी पडलेली वर्षं वीसेक वर्षांच्या पट्ट्यात दोन-तीनच निघतात. ११७ वी पलटण बसऱ्याकडे उतरली नोव्हेंबर १९१४ मध्ये. उरलं एकच साल, १९१५. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जनरल टाउनशेंडचं सैन्य कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडलं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना तुर्कांनी रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं. कपाशीची चौकशी करणारं हे कार्ड त्याच्या काही महिने आधीचं. हे कळल्यावर त्या चेहऱ्याकडे पूर्वीसारखं पाहता येईना.

रंगांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुष्कळ जण तिथे अडतात. त्या काळच्या काचा आणि फिल्म तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. तांबडं काळं उमटायचं, निळं फिकं पडायचं. हवालदाराचा किरमिजी शेला फोटोत काळाकुट्ट दिसतो. म्हणून फोटोतल्या पदकाच्या फितीचा रंग ‘दिसतो तसा’ धरायचा नसतो. पट्ट्यांची रुंदी आणि क्रम पाहायचा.

दुसऱ्या महायुद्धातला शिपाई ओळखायला त्यामानाने सोपा. छातीवर दोन मोठ्या चौकोनी थैल्या असतील तर तो १९३७ च्या नमुन्याचा साज. त्या थैल्यांत ब्रेनगनच्या काडतूसपेट्या मावाव्यात म्हणूनच त्या एवढ्या मोठ्या. हिरवा गणवेश ब्रह्मदेशाच्या जंगलातला, म्हणून १९४३ नंतरचा. पण फोटोत हिरवं आणि खाकी सारखंच, तेव्हा त्यावर विसंबू नये. रजेवरच्या शिपायाजवळ बंदूक नसते, थैल्याही नसतात. भुसावळच्या पडद्यासमोर तो नुसत्या सदऱ्यात आणि कमरपट्ट्यात उभा राहतो. मग दंड, खांदा आणि डाव्या खिशावरची जागा, एवढंच हाताशी उरतं.

पारोळा तालुक्यातल्या एका घरी मला असंच एक कार्ड दाखवलं. दाखवणाऱ्या आजी ऐंशी ओलांडलेल्या. ‘हाऊ मना बाप शे,’ म्हणाल्या. चलेजावच्या सालातला त्यांचा जन्म, वडील त्याआधीच पलटणीबरोबर बोटीवर चढलेले. १९४४ च्या सप्टेंबरात इटलीत पडले. तार घरात जपलेली होती. फोटो भरती झाल्यावरचा, लढाईला जाण्याआधीचा, असं घरात सगळे धरून चालले होते. वडिलांनी आपलं तोंडही पाहिलं नाही, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या.

मी कार्ड खिडकीशी नेलं. दंडावर चौकोनी कापडाचा तुकडा, त्यावर गडद पक्षी, पंख पसरलेला. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा तांबडा गरुड, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गाजलेला. हा गरुड भरती झालेल्या पोराच्या दंडावर असायचं कारण नाही. मग खिशावर पाहिलं. एक आखूड फीत. फिकट कडा, मधोमध रुंद गडद पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक बारीक रेघ. आफ्रिका स्टार. वाळूचा रंग वाळवंटाचा, मधला तांबडा भूदलाचा, बाजूचे दोन निळे आरमाराचे आणि विमानदळाचे. हे पदक जाहीर झालं जुलै १९४३ मध्ये. त्याआधी ही फीत कुणाच्याही छातीवर असणं शक्य नाही. आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात फोटोवाल्याचा उठावाचा छाप होता, त्यात ‘भुसावळ’ स्पष्ट वाचता येत होतं.

मी त्यांना सावकाश समजावून सांगितलं. फीत जुलै १९४३ नंतरची. फोटो भुसावळचा. म्हणजे तुमचे वडील आफ्रिकेतून रजेवर घरी आले होते आणि मग इटलीला गेले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘मंग तेस्नी माले देखं व्हई?’

भुसावळपर्यंत आलेला माणूस पारोळ्याला आल्याशिवाय राहील का? मी म्हणालो, ‘देखं व्हई, आजी.’ त्यांच्या नातवाने फोटो हातातून घेतला आणि फितीवर बोट ठेवून पुन्हा सगळं विचारायला लागला. पुढे युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगाच्या नोंदीत आम्हाला वडिलांचं नाव सापडलं. बापाचं नाव, गावाचं नाव, आणि पुढे पूर्व खानदेश.

असं प्रत्येक घरी होत नाही. पुष्कळ ठिकाणी पाठ पाहायलाच मिळत नाही, कारण चौकटवाल्याने फोटो पुठ्ठ्यावर डिंकाने घट्ट चिकटवलेला असतो. हौसेने लॅमिनेशन केलेले फोटो तर पाहवत नाहीत. प्लास्टिकचा थर फोटोला कायमचा चिकटतो, पुन्हा निघत नाही. कडा कापून चौकटीत बसवले की फोटोवाल्याचा छाप जातो. ज्यांच्या घरी असा फोटो आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: कापू नका, चिकटवू नका, पाठीवर बॉलपेनने लिहू नका. नाव लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, आणि आजच लिहा, सांगणारं माणूस घरात आहे तोवर.

महार रेजिमेंटच्या शिपायांचे फोटो मात्र घराघरांत फार जपलेले दिसले. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आजोबांची तसबीर. १११ वी महार पलटण पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. मग ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली, बिल्ल्यात एकमेकींवर आडव्या व्हिकर्स मशिनगन आल्या आणि पुढे स्तंभाची जागा कट्यारीने घेतली. साक्री तालुक्यातल्या एका घरी पागोट्यावरचा तो स्तंभ भिंगातून दाखवला तेव्हा घरातल्या कॉलेजातल्या मुलीने लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि गल्लीतल्या चार घरी जाऊन त्यांच्या आजोबांचे बिल्ले पाहून आली. दोन घरी स्तंभ, दोन घरी कट्यार. तिने वहीत घरवार लिहूनही ठेवलं. अशी वही जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक तालुक्यात कुणीतरी धरली पाहिजे.

आता चोपड्याहून एका शिक्षकांनी मोबाइलवर एक कार्ड धाडलं आहे. खांद्यावर दोन चांदण्या, म्हणजे बहुधा सुभेदार. १९३७ चाच साज, पण तो स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालला, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. पागोट्यावर बिल्ला आहे आणि त्याच्या माथ्यावर काहीतरी आहे, मोबाइलच्या फोटोत ते नुसतं पांढरं धुकट दिसतं. राजमुकुट असेल तर फोटो प्रजासत्ताकाच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. अशोकाचे सिंह असतील तर नक्की १९५० नंतरचा, आणि मग छातीवरच्या तीन फितींतली पहिली कोणती, हे नव्याने पाहावं लागेल. मोबाइलवरून हे ठरणार नाही. रविवारी भिंग घेऊन चोपड्याला निघतो आहे. शिक्षकांना सांगून ठेवलंय की तोवर फोटो चौकटीतून काढू नका, तो मी काढीन.