लोखंडी हवेली : वॉटसन हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन

यवतमाळच्या व्यापारी घराण्यांना मुंबई प्रथम परिचित झाली ती कापसामुळे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील पिकाला सोन्याचा भाव आला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची ‘शकुंतला’ धावू लागली. तिच्यातून गेलेल्या गाठी मुंबई बंदरातून विलायतेस जात.

त्याच कापसाच्या पैशाने मुंबईचे रूप पालटले. कोटाची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या जागेवर नव्या वास्तू उभ्या राहिल्या. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेल ही त्यांपैकीच एक. जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने त्याच्यासाठी या इमारतीचा आराखडा केला. ओतीव लोखंडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, जहाजाने मुंबईस आल्या आणि येथे जोडल्या गेल्या. इमारतीचा सारा भार भिंतींवर नसून या लोखंडी सांगाड्यावर आहे. दर्शनी बाजूस मजल्यामजल्यावर रुंद सज्जे, मध्यभागी चौक आणि त्यावर काचेचे छत अशी तिची रचना होती. 1871 मध्ये हॉटेल सुरू झाले.

येथे प्रवेश केवळ गोऱ्यांना होता. 1896 मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला आणि सज्जातून दिसणाऱ्या कावळ्यांवर त्याने मिस्किलपणे लिहिले. त्याच वर्षी 7 जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात प्रथम दाखविली गेली, तीही येथेच. भारतीय प्रेक्षकांना ती पाहण्यास मिळाली आठवड्याने, नॉव्हेल्टी नाट्यगृहात. 1903 मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनचे वैभव ओसरू लागले. 1960 च्या दशकात हॉटेल बंद झाले, दालनांचे तुकडे पडून तेथे वकिलांची कार्यालये, दुकाने व बिऱ्हाडे आली. नाव झाले एस्प्लनेड मॅन्शन. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळला आणि 2019 मध्ये धोकादायक ठरलेली वास्तू रिकामी करण्यात आली.

तेथून थोड्याच अंतरावर राजाबाई मनोरा उभा आहे. कापसाच्या व्यापारात अग्रगण्य असलेले जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या मातेच्या नावे उभारविला. दृष्टिहीन मातेला घंटानादावरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगतात. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याचे जतन झाले असून त्याचा परिसर 2018 मध्ये जागतिक वारसा ठरला.

दोन्ही वास्तू एकाच काळातल्या, एकाच पैशाच्या लाटेवर उभ्या राहिलेल्या. एक विद्यापीठाच्या सांभाळाखाली टिकली. दुसरीत शेकडो माणसे राहिली आणि वावरली, परंतु सर्वांची वास्तू कोणाचीच राहिली नाही. नवे मंदिर बांधण्याहून जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे, असे आपल्या परंपरेत मानतात. यवतमाळातील जुन्या पेढ्या, जिनिंगची आवारे आणि वाडे यांच्या वारसदारांनी मुंबईस गेल्यावर या दोन्ही वास्तू एकदा तरी एकाच फेरीत पाहाव्यात. घरी परतल्यावर आपल्या छपराची पहिली गळती त्यांना निराळ्या दृष्टीने दिसेल.