पार्ल्यांतील आमचें घर

मुंबईच्या विलेपार्लें या उपनगरांत, आगगाडीच्या रुळांच्या पूर्वेस, आजोबांनीं बांधलेलें आमचें कौलारू घर होतें. बाबा, काका व आत्या तेथेंच वाढलीं आणि १९२१ सालीं निघालेल्या पार्ले टिळक विद्यालयांत शिकलीं. बिस्किटांच्या कारखान्याचा खरपूस वास थेट माजघरांत येई. पाहुण्यांस त्याचें कौतुक, आम्हांस सवय! २०१६ सालीं कारखाना बंद पडला, तेव्हां कोठें तो वास आठवूं लागला.

आजोबांच्या पश्चात् घर विकावयाचें ठरलें. बाबांनीं पेटींतून जुनें खरेदीखत काढलें. त्यांतील चतुःसीमा मीं मोठ्यानें वाचली. पूर्वेस वाडी, दक्षिणेस शेजाऱ्यांची विहीर, उत्तरेस मोकळी जागा, पश्चिमेस रस्ता. आतां तीन बाजूंस सात-सात मजले. रस्ता तेवढा जागेवर आहे.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें बापाच्या मिळकतींत मुलीचा वांटा मुलाइतकाच असतो. हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. तरी हक्कसोडपत्र तयार करूनच आत्याला बोलावणें धाडलें. तिनें चष्मा लावून तें दोनदां वाचलें, सही केली, आणि अंगणांतील अनंताची एक फांदी मागितली. कोयता मींच आणून दिला. फांदी ओल्या फडक्यांत गुंडाळून ती निघाली. स्टेशनापर्यंत तिची पिशवी मीं धरली, परंतु “आत्या, तुला वांटा हवा होता कां?” एवढें विचारण्याचा धीर मला झाला नाहीं.