घामाचं खातं, तेलाचं खातं

टिपकागद कपाळावर दाबा आणि पंख्याखाली ठेवा. घामाची ओल बघता बघता उडून जाते. भज्यांखालच्या कागदावर पडतो तसा अर्धपारदर्शक डाग मागे राहिला, तर तो सीबमचा, म्हणजे तैलग्रंथींतून आलेल्या तेलाचा. ‘घामाने चेहरा तेलकट झाला’ असं आपण सर्रास म्हणतो, पण घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ.

•

तैलग्रंथी केसाच्या मुळालगत असते आणि केसाच्याच वाटेने तेल वर सोडते. तिची कामाची रीत अजब आहे. पेशी तेलाने फुगत जाते, शेवटी फुटते, आणि फुटलेली अख्खी पेशीच स्राव म्हणून बाहेर पडते. घामाची ग्रंथी इतकी उधळी नाही. त्वचेत खोलवर वेटोळं घालून बसलेली ती एक बारीक नळी. पेशी शाबूत राहतात, रंध्रही तिचं स्वतःचं.

•

घाम मज्जातंतूंच्या हुकमाने येतो, म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये तळवे क्षणात ओले होतात. तेलाचा कारभार मुख्यतः हार्मोन्सकडे, तिथे घाई नाही. दिवसातून दहादा तोंड धुऊन ग्रंथी गप्प बसत नाही, ती यामुळेच. म्हणूनच मुरमं वयात येताना उगवतात. घामोळं मात्र तान्ह्या बाळालाही होतं. मुरूम म्हणजे तेलाची वाट तुंबणं, घामोळं म्हणजे घामाची. घामोळ्यावर खोबरेल चोपडणाऱ्या समस्त आज्यांची क्षमा मागून सांगतो, त्याने ती वाट आणखी बुजते. गार पाणी, वारा आणि सैल सुती कपडे बरे.

•

तळहात-तळपायांवर तैलग्रंथी नसतातच. घामाची रंध्रं मात्र तिथे सर्वांत दाट. बोटाचं टोक भिंगाखाली धरा, रेषांच्या कण्यावर ओळीने चमकणारे थेंब दिसतील. काचेवर उमटलेल्या ठशातलं तेल बोटाचं नव्हे, चेहऱ्याला नाहीतर केसांना हात लावून आणलेलं. टाचांनाही स्वतःचं तेल नाही; भेगांवर कोकणात कोकमाचं भिरंडेल लावतात, ते बाहेरून पुरवलेलं.

•

एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मात्र तो उडायला हवा. मुंबईच्या दमट हवेत ओघळून सदऱ्यात जिरलेला बराचसा घाम फुकट. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो दिसतच नाही, आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो.

•

काखेतल्या ग्रंथी दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहेत. नाव घामाचं, पण तोंड केसाच्या मुळाशी उघडतं आणि जाग वयात येतानाच येते, तैलग्रंथींसारखी. १९२२ मध्ये शीफरडेकर यांनी त्यांना वेगळं काढलं. (आडनावावरून रत्नागिरीचे वाटतात, पण जर्मन.) या स्रावाला मुळात वास नसतो, तो जिवाणूंची करणी.

•

साध्या घामग्रंथीच्या वेटोळ्यात तयार होणारा घाम रक्ताइतकाच खारट असतो. वर येताना नळी बरंचसं मीठ परत ओढून घेते. १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची मुलं उन्हाने कोसळली. पॉल डी सांत आन्येसे यांनी शोध घेतला, तेव्हा या मुलांच्या घामात मीठ फार निघालं; या रोगात नळी ते नीट परत ओढत नाही. आजही या रोगाची शंका आली की बाळाच्या हातावर औषधाने घाम आणून त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त भरलं, तर निदान त्या बाजूला झुकतं.